गुडघाभर मेंदी

टेकमाळ वसाहतीत बेचाळीस घरे आहेत. दोन-तीन सोडली तर एकाही घराचे कुंपण गुडघ्याच्या वर नाही. घरे आता तिमजली झाली, दारात दोन-दोन गाड्या आल्या, फाटकावर कॅमेरे बसले. मेंदी मात्र गुडघाभरच. शेळीसुद्धा सहज उडी मारून आत जाईल. नवा माणूस हसतो, हे काय कुंपण म्हणायचे, असे विचारतो. जुने लोक हसत नाहीत. ही मेंदी घराचा मालक कापत नाही, असे ते त्याला सांगतात. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती त्याचा शेजारी कापतो. असे का, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने पाण्याच्या टाकीखालच्या बाकावर थोडा वेळ बसावे. तिथे ही हकीकत अशी सांगतात.

महायुद्ध चालू होते तेव्हा हा उघडा माळ होता आणि त्यावर सैनिकांच्या बराकी होत्या. युद्ध संपले, बराकी पाडल्या. पलीकडच्या दारूगोळ्याच्या डेपोतल्या कामगारांना इथे प्लॉट मिळाले. कोणी साताऱ्याकडचा, कोणी खानदेशचा, कोणी कोकणातून आलेला. गावात माणसाचा आजासुद्धा आपल्याला ठाऊक असतो. इथे शेजाऱ्याचा फक्त प्लॉट नंबर ठाऊक. म्हणून घर बांधायच्या आधी प्रत्येकाने मेंदी लावली, असे सांगतात.

प्लॉट नंबर सतराला विठोजी खराडे राहत. डेपोच्या फाटकावर ते झडतीचे जमादार होते. संध्याकाळी भोंगा झाला की हजार माणसे बाहेर पडायची आणि प्रत्येकाचा डबा, पिशवी, कंबर विठोजी तपासायचे. लोक चिडवायचे.

"जमादार, भाकरीत काय सापडलं?"

"भाकरी," विठोजी म्हणायचे, आणि तरी ती उलटून बघायचे.

अकरा वर्षे हेच काम. त्यांनी अनेक चोर पकडले. कोणी पितळेचा तुकडा बुटात नेत होता, कोणी बंदुकीच्या दारूची पूड विडीच्या बंडलात. म्हणून विठोजींचा विश्वास कोणावर नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान होता. लोक म्हणत, हा माणूस घरी गेल्यावर स्वतःची सावलीही झाडून घेत असेल.

शेजारी, प्लॉट नंबर अठराला, यशवंत कोळपे. ते पॅकिंग खात्यात होते. कमी बोलणारा, मान खाली घालून चालणारा माणूस. अकरा वर्षांत विठोजींनी त्यांची झडती रोज घेतली आणि एकदाही काही सापडले नाही. विठोजींच्या मनात कोळप्यांविषयी जो संशय बसला तो याचमुळे, असे सांगतात. चुकून एखादा खिळा, सुतळीचा तुकडा प्रत्येकाकडे कधीतरी निघतोच. ज्याच्याकडे कधीच काही निघत नाही, तो काहीतरी फार नीट लपवतो, असा विठोजींचा हिशेब.

त्या वर्षी विठोजींची मुलगी अनसूया बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाळ चांगले होते, पण अनसूया अंथरुणाला खिळली. अंगात बारीक ताप, जेवण नाही, हातापायांच्या काड्या झाल्या. विठोजींना तेवढी एकच लेक. त्यांनी डेपोच्या दवाखान्यातून औषध आणले. पट्टी चिकटवलेली बाटली. दोन महिने झाले, तीन झाले. फरक नव्हता. मग श्रावणात तिला थोडी भूक लागू लागली. ती उठून बसली. एक दिवस पदराखाली बाळ घेऊन ओट्यापर्यंत चालत आली. विठोजी दवाखान्याच्या बाटलीला नमस्कार करू लागले. बाटली संपली की बायको, पारूबाई, म्हणायच्या, मीच भरून आणते, तुम्ही नका येऊ. विठोजींना त्यात काही वावगे वाटले नाही. ज्याने हजार डबे तपासले त्याने घरातली बाटली कधी हुंगली नाही.

त्याच श्रावणात कोळप्यांची मेंदी वाढली. साधी वाढली नाही. म्हणे एका महिन्यात पुरुषभर झाली, आणि इतकी दाट की पलीकडचा दिवाही दिसेना. सगळ्या वसाहतीने ते पाहिले. मुळाशी कसला तरी गाळ ओततात म्हणून ती अशी वाढते, असे कोणी म्हणाले. कोळपे ती कापत नव्हते. विठोजींनी एकदा रस्त्यात विचारले, कात्री नाही का घरात? कोळपे म्हणाले, वेळ नाही.

पुढचे विठोजींनी आपल्या ओट्यावर बसून टिपले. दुपारी कुंपणामागून धूर येतो. गुळाची ढेप आत गेली, आणि दोनच माणसांच्या घरात दुसरी ढेपही गेली. सुपात कसली तरी लाल फुले वाळत पडली आहेत. आणि वारा इकडे फिरला की वास येतो. आंबट, गोडसर, डोक्यात जाणारा. तो वास विठोजींना चांगला ठाऊक होता. राज्यात दारूबंदी लागलेली. फाटकावर कितीतरी लोकांच्या तोंडाला तो वास त्यांनी ओळखला होता.

पारूबाईंनी त्यांना अडवायचा प्रयत्न केला, असे सांगतात. म्हणाल्या, शेजाऱ्याच्या चुलीत कशाला डोकावता? विठोजींनी जमादाराचा पट्टा कमरेला बांधला आणि पोलीस चौकीवर जाऊन खबर दिली.

भाद्रपदातली सकाळ होती. फौजदार चार शिपाई घेऊन आला. विठोजी पुढे. सगळी वसाहत रस्त्यावर उभी होती. आत गेले तर परसात भुसा भरलेला खड्डा, आणि त्यात तोंड कापड बांधून मातीने लिंपलेला रांजण. कोळप्यांची बायको मथुरा आडवी आली. तिने सांगितले, हे आसव आहे, माझे वडील वैद्य होते, त्यांच्याकडून शिकले, हे पोटात घ्यायचे औषध आहे. शिपाई हसले. रांजणावर काठी बसली. काळपट पाणी परसभर पसरले आणि मेंदीच्या मुळाशी गेले. वास सगळ्या वसाहतीत पसरला. ज्यांना शंका होती त्यांची शंका फिटली. कोळप्यांना गाडीत बसवून नेले. जाताना त्यांनी एकदाही मागे पाहिले नाही.

विठोजी घरी आले. पारूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती.

"झालं तुमचं?" त्या म्हणाल्या.

"सापडलं," विठोजी म्हणाले. "रांजणभर."

"ते तुमच्या लेकीचं होतं."

मग पारूबाईंनी दवाखान्याची बाटली त्यांच्या हातात दिली. विठोजींनी बूच काढले आणि हुंगले. तोच वास. पारूबाईंनी सगळे सांगितले. दवाखान्याच्या औषधाने काही होईना, म्हणून त्या स्वतः मथुरेकडे गेल्या होत्या. कोळप्याच्या घरचे पाणीही विठोजी पिणार नाहीत, हे दोघींना ठाऊक होते. म्हणून औषध त्याच बाटलीत भरून कुंपणावरून घ्यायचे ठरले. बंदीचे दिवस, वासाने कोणाला शंका येऊ नये म्हणून कोळप्यांनी मेंदी वाढू दिली. दोन महिने हे चालले. आता अर्धी बाटली उरली होती.

विठोजी त्या दिवशी जेवले नाहीत. उरलेले औषध पुरावे म्हणून पारूबाईंनी घोट कमी केला, आणि चौथ्या दिवशी अनसूयेचा ताप पुन्हा चढला.

विठोजी कोळप्यांच्या फाटकाशी गेले. आत गेले नाहीत. मथुरा बाहेर आली.

"वहिनी," ते म्हणाले, "पुन्हा करता येईल का?"

"महिनाभर जमिनीत ठेवावं लागतं," मथुरा म्हणाली. "पण मी करणार नाही. माझा माणूस कोठडीत आहे, जमादार. उद्या त्यांची नोकरी जाईल, परवा हे घर. मी कोणासाठी आणि कशाच्या आडून करू?"

यावर विठोजींनी काय केले ते वसाहतीत अजून हळू आवाजात सांगतात. ते तडक चौकीवर गेले. फौजदारासमोर उभे राहून म्हणाले, खबर खोटी होती. ते औषध आहे हे मला ठाऊक होते. शेजाऱ्याशी माझे वाकडे होते म्हणून मी मुद्दाम दारू म्हणालो. फौजदाराने विचारले, शुद्धीवर आहात ना? सरकारी जमादाराने खोटी खबर दिली तर काय होते ते ठाऊक आहे? विठोजी म्हणाले, आहे. त्यांनी कागदावर सही केली. त्या माणसाने आयुष्यात सांगितलेले ते एकच खोटे, असे म्हणतात. कोळपे सुटले. आठ दिवसांत विठोजींचा पट्टा काढून घेतला आणि त्यांना फाटकावरून हमालीत टाकले. संध्याकाळी भोंगा झाला की आता त्यांचीही झडती होऊ लागली. नव्या जमादाराला त्यांच्याकडे कधी काही सापडले नाही.

कोळपे घरी आले त्या संध्याकाळी विठोजी त्यांच्या अंगणात उभे राहिले. लोक लांबून बघत होते. कोळपे म्हणाले की औषध होईल. पण आता आडोसा नको. हे कुंपण कापायचे आणि ते जमादारांनीच कापायचे. रांजण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पुरला जाईल.

"किती ठेवू?" विठोजींनी विचारले.

कोळपे मेंदीला लागून उभे राहिले.

"माझ्या गुडघ्याइतकी."

विठोजी खाली बसले आणि त्यांनी मोठी कात्री चालवायला सुरुवात केली. पुरुषभर मेंदी, मनगटाएवढे तिचे सोट. कात्रीचे पाते दर वेळी कोळप्यांच्या पायाला लागून जात होते. कोळपे हलले नाहीत. ते डेपोच्या धुराड्याकडे बघत उभे राहिले. खाली वाकलेल्या माणसाकडे त्यांनी पाहिले नाही. हा त्यांचा राग होता की भरवसा, यावर बाकावर अजून वाद होतात. अंधार पडायच्या आत मेंदी गुडघ्याला आली.

मथुरेने दुसऱ्या दिवशी काढा उकळला, गूळ घातला, आसव आंबवणारी धायटीची लाल फुले घातली आणि रांजण पुरला. वसाहत तीस दिवस त्या परसाकडे बघत होती. येता-जाता लोक मान वळवायचे. बायका पाण्याच्या निमित्ताने थांबायच्या. कोणी म्हणायचे, खरा रांजण घरात आहे, हा दाखवायचा आहे. कोणी म्हणायचे, दोघांनी मिळून धंदा काढलाय. फक्त विठोजींनी ओट्यावरची आपली बैठक फिरवली. आता सगळे दिसत होते, तेव्हा ते कोळप्यांच्या अंगणाकडे पाठ करून बसू लागले.

आत पारूबाई ती अर्धी बाटली चमच्याने पुरवत होत्या. आधी दोन चमचे, मग एक, मग अर्धा. अनसूया भिंतीकडे तोंड करून पडायची. बाळाला शेजारच्या बायका पाजून जायच्या. विसाव्या दिवशी बाटली संपली. पंचविसाव्या दिवशी अनसूया बोलेनाशी झाली. विठोजी रोज फक्त किती दिवस राहिले ते विचारायचे.

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. रांजण उघडला. मथुरा वाटी भरून कुंपणापाशी आली आणि अलीकडे न येता तिथेच थांबली. सगळे लोक होते.

"आधी तुम्ही चाखा, जमादार," ती म्हणाली. "नंतर माझ्या माणसाला न्यायला गाडी नको."

विठोजींनी वाटी हातात घेतली. अकरा वर्षे त्या हातांनी प्रत्येक वस्तू उलटून पाहिली होती. हुंगलीही होती. म्हणे त्यांनी वाटी नाकाजवळसुद्धा नेली नाही. वाटीकडे न बघता ती तशीच पारूबाईंच्या हातात दिली.

"पोरीला पाजा," ते म्हणाले.

अनसूया वाचली. दिवाळीला ती बाळाला कडेवर घेऊन सासरी गेली. ती औषधाने वाचली की तिची वेळ आली नव्हती, असे विचारणारे लोक तेव्हाही होते. विठोजी आणि कोळपे यांची मैत्री झाली असे कोणी सांगत नाही. रस्त्यात भेटले तर मान हलवायचे, इतकेच. पण पुढच्या वर्षी त्याच रविवारी विठोजी न बोलावता कात्री घेऊन गेले आणि कोळपे न बोलता मेंदीला लागून उभे राहिले. त्या पुढच्या वर्षी कोळप्यांनी विठोजींची मेंदी कापली. मग प्लॉट सोळाने पंधराची. दहा वर्षांत सगळ्या वसाहतीत हेच झाले. आपली मेंदी आपण कापणे वाईट समजले जाऊ लागले.

आजही त्या रविवारी सकाळी प्रत्येक घरचा मालक आपल्या कुंपणाला लागून उभा राहतो आणि शेजारी त्याच्या गुडघ्याशी बसून कात्री चालवतो. बंगले विकत घेतलेले नवे लोकही हे करतात, डॉक्टर असोत की कारखानदार. उंची ठरवायची नसते, गुडघा ठरवतो. नियम एकच. उभ्या माणसाने समोर बघायचे, खाली बघायचे नाही. ज्याने एकदा जरी वाकून कात्रीकडे पाहिले, त्याचा शेजारी काही न बोलता उठतो आणि घरी जातो. त्या घराची मेंदी वर्षभर तशीच राहते, अर्धी कापलेली, अर्धी उंच. वसाहतीतून फेरी मारली तर दर वर्षी अशी दोन-तीन घरे दिसतातच.