बाळोजी तांबटाचे नाव

निरगुडीच्या तांबट आळीत शिरलात की पहिल्याच दुकानावर दोन नावे दिसतात. वर काळ्या अक्षरांत ‘बाळोजी तांबट’, खाली ‘दस्तगीर अत्तार’. आळीत आता एकही तांबट उरला नाही, तरी वरचे नाव कोणी पुसत नाही. त्याचे कारण असे सांगतात.

बाळोजीने जवसाच्या तेलात काजळी खलून ते नाव स्वतःच्या हाताने भिंतीवर काढले होते. त्याच्या माघारी धाकटा मुलगा मानाजी भांडून परमुलखात गेला. थोरला राघोजी म्हातारा झाला, हातोडा उचलेना, तेव्हा त्याने दुकान दस्तगीरला दिले.

“दस्तगीरभाई, तेवढं नाव राहू द्या,” तो म्हणाला. “मानाजीला बापाच्या नावापुरतीच अक्षरं येतात. आलाच कधी, तर तेच बघून थांबेल.”

दस्तगीरने शब्द दिला. पण ईदेच्या आधी तो अत्तर आणायला परगावी गेला आणि चुना लावणाऱ्यांना सांगायचे विसरला. परत येतो तो भिंत पांढरीफटक. समोरचा गाडीवान म्हणाला, “काल एक पिकल्या मिशांचा माणूस आला होता. भिंत चाचपली, ‘दादा गेला वाटतं’ म्हणाला, अन् मी बैल सोडेस्तोवर दिसेनासा झाला.”

दस्तगीरने जाऊन राघोजीला सगळे सांगितले. राघोजी रागावला नाही. तेच दस्तगीरला जास्त लागले. वरचे नाव उघडे होईतो आपले नाव लिहायचे नाही, असा त्याने नेम केला म्हणे. रोज सकाळी नमाज झाली की ओले फडके घेऊन तो भिंतीशी बसे. जोर केला तर गिलावाच निघायचा, म्हणून बोटाबोटाने पुसे.

“चाचा, आता तुमच्या अंगाला चुन्याचाच वास येतोय!” आळी हसे.

“येऊ दे. तुला फुकट हुंगायला मिळतोय ना?” तो म्हणे.

चुना पाण्याने सुटत गेला. तेलातली काजळी जागची हलली नाही.

चैत्रातल्या जत्रेच्या आधी शेवटचे अक्षर उघडे झाले. जत्रेदिवशी दस्तगीर पायरीवरून हलला नाही. उन्हे कलताना पिकल्या मिशांचा एक माणूस समोर थबकला. देवाच्या ओढीने आला म्हणा, घराच्या म्हणा. बोट उचलून तो एकेक अक्षर लावू लागला. दस्तगीरने ते बोटच धरले.

“मानाजीराव, वाचत नंतर बसा. दादा मारुतीच्या देवळामागं राहतो. चला आधी!”

आजही आळीत दुकान दुसऱ्याकडे गेले की नवा मालक पहिल्यांदा जुन्या नावावरून जवसाच्या तेलाचा बोळा फिरवतो. आपले नाव मग खाली लिहितो. न जाणो, कोणी अजून वाटेत असेल.