ओल्या गालाची साक्ष

रत्नप्रभाचं कुणीच खरं मानलं नाही. मालिकेत तिच्या सासऱ्याचं काम करणारे धैर्यशील कारखानीस थपडेच्या प्रसंगात खरोखर मारतात, हे तिचं तीनदा सांगून झालं होतं. दिग्दर्शक म्हणाला, "ताई, दादांचं नाव मोठं आहे. पुन्हा तक्रार आली, तर तुमच्या पात्राला कायमचं माहेरी धाडीन." म्हणजे हातचं काम गेलंच.

चौथ्या थपडेच्या दिवशी ती मेकअपवाल्याला म्हणाली, "डाव्या गालावर रंगाचा बेस जाड लाव आणि वर पावडर मारू नकोस. ओलाच राहू दे."

सेटवर सगळ्यांदेखत तिनं विचारलं, "दादा, हात किती लांब ठेवणार?"

"वीतभर. चाळीस वर्षांत हा हात कुणा बाईच्या गालाला लागलेला नाही. स्वच्छ आहे, बघून घे." त्यांनी पंजा सगळ्या युनिटला दाखवला.

कॅमेरा सुरू झाला आणि थप्पड बसली. तिचा कान सुन्न झाला, पण 'कट' ऐकू येईपर्यंत तिनं आपलं वाक्य सोडलं नाही. मग तिनं दादांचं मनगट धरून पंजा दिव्यासमोर उलटा केला. पाचही बोटांना तिच्या गालाचा रंग लागला होता.

"घामानं उडाला असेल," दादा पुटपुटले.

"वीतभर उडून पाची बोटांवर बसला? का माझा गाल चालत आला तुमच्या हाताकडे?"

कुणी हसलं नाही. दिग्दर्शकानं खाली मान घालून वही उघडली. "तक्रार कुणाविरुद्ध लिहू, ताई?"

मनगट न सोडता ती म्हणाली, "धैर्यशील कारखानीस."