भारंभार गूळ

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा सारिकानं विचारलं, “आता अजून काय सोडू, माई?”

येसामाई मठाच्या ओट्यावर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होत्या.

टेकडीवरचा तो मठ लहानसाच. एक समाधी, एक खोली, दारात कडुलिंब, आणि कडुलिंबाच्या जाड फांदीला टांगलेला मोठा लाकडी तराजू. माई तरण्या वयात तिथं आल्या आणि तिथल्याच झाल्या. अंगानं भरलेल्या. आधी काठी येते, मग पोट येतं, मग माई येतात, असं गावातली पोरं म्हणायची. कुणी नवं माणूस आलं की माईच ते हसत सांगायच्या.

सारिकाला अजून धाप लागलेली होती. पाच महिन्यांची चिमी कडेवर. पायऱ्या चढताना मधल्या वळणावर तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले होते. पोरीला छातीशी आवळून ती दगडाला टेकून उभी राहिली होती.

ते तिनं माईंना सांगितलं नाही. सांगितलं ते दुसरंच.

आधी चहातली साखर सोडली. मग चहाच सोडला. मग भात. मग रात्रीची भाकरी. आता दोन्ही वेळेला ताक आणि काकडी, एवढ्यावर दिवस काढते. सांगताना तिच्या आवाजात जराशी ऐट होती. शाळेत पाढे न चुकता म्हणून दाखवले की यायची, तशी.

“तुम्ही कडक व्रत सांगा,” ती म्हणाली. “मी पाळणारी आहे. मागं हटायची नाही.”

माईंनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. चिमीकडं पाहिलं. चिमी आईचा पदर तोंडात घालून चोखत होती.

“आणि हिनं काय काय सोडलं?”

सारिकानं पदर पोरीच्या तोंडातून सोडवला.

अंगणवाडीत महिन्याच्या महिन्याला लेकरांचं वजन करतात. झोळीत पोर घालायची, काटा हलायचा, आणि सगळ्या आया माना वर करून बघायच्या. या वेळी चिमीचा काटा गेल्या महिन्याच्याच जागेवर थांबला होता. दूध पुरतंय का, असं अंगणवाडीच्या ताईंनी हळूच विचारलं होतं. सारिकानं हो म्हटलं होतं.

घरी येऊन ती मोरीत जाऊन रडली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताक आणि काकडी.

कारण पुनव जवळ आली होती.

गोष्ट अशी होती, की बाळंतपणात सारिका अडली होती. कळा येऊन थांबल्या, गाडी बोलवायची धावपळ झाली. तेव्हा तिनं दात आवळून, डोळे मिटून मठाला नवस बोलला. पोर सुखरूप हातात येऊ दे, माझ्या भारंभार गूळ वाटीन.

पोर सुखरूप आली. गुलाबी, केसाळ, मूठ आवळलेली.

नवस मात्र फिटला नाही. माहेराहून आल्यावरच्या पहिल्या पुनवेला सारिकानं अंग दुखतं म्हणून सांगितलं. दुसऱ्या वेळेला पोरीला सर्दी आहे म्हणाली. खरं कारण वेगळं होतं. इथला रिवाजच तसा. नवसाचं माणूस एका पारड्यात बसतं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढतात. पारडी बरोबरीला आली की गुरव घंटा वाजवतो आणि भार मोठ्यानं पुकारतो. एकदा नाही, तीनदा. खालच्या आळीपर्यंत ऐकू जातं.

लग्नात सारिका चिपाडासारखी होती. बाळंतपणाचे डिंकाचे लाडू झाले, आळीव झाले, आईनं माहेरी हौसेनं तूप वाढलं, आणि अंग सुटलं. जुन्या ब्लाउजात हात जाईना. आरशासमोर ती उभीच राहायची नाही, पोरीला काजळ लावायचं तेवढ्यापुरती वाकायची.

आणि मागल्या आठवड्यात, सगळे जेवायला बसलेले असताना, थोरल्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, “आपल्या सारिकाच्या गुळाला यंदा टेम्पो सांगावा लागतोय बघा.”

सासरे हसले. दीर हसले. ते तिनं सोसलं. पण विलासही हसला. तिचा नवरा. हसून झाल्यावर त्यानं मान खाली घातली, पण हसला होताच.

हे सगळं सारिकानं माईंना सांगितलं. माई तरी काही बोलतील म्हणून ती थांबली.

माईंचा चेहरा अगदी सरळ होता. “मग? टेम्पो कुणाचा ठरला?”

“माई, तुम्हीसुद्धा...”

“भाड्याचं नंतर बघू. बरं, माझ्याकडं काय मागतेस?”

“ही पुनव जाऊ द्या. पुढच्या पुनवेपर्यंत मी कमी होते. मग बसते तराजूत.”

माईंनी भुवया वर चढवल्या.

“म्हणजे देवाला गूळ कमी द्यायचा म्हणून उपाशी राहतेस होय गं?”

हे सारिकाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“तसं नाही माई... देवाला नाही. लोकांना...”

“मग नवस बोललीस कुणाला? लोकांना?”

माई काठीवर भार देत उठल्या. खोलीचं दार ढकललं. आत गुऱ्हाळावरून आलेल्या ढेपा कापडात बांधून रचून ठेवल्या होत्या. वास दारापर्यंत आला. नवसाचा गूळ विलासनं हंगामातच आणून ठेवला होता. तिला न विचारता, जरा जास्तच.

“पोर माझ्याकडं दे,” माई म्हणाल्या. “आणि तुझ्या भाराचा गूळ तूच बाहेर काढ. पारड्यात ठेव. लोकांना सांगू नये, आपलं आपण उचलावं.”

सारिकानं पदर खोचला. व्रतच समजली ती. पहिली ढेप पोटाशी धरून तराजूपर्यंत नेली. दुसरी नेली. तिसरी उचलली आणि तिच्या डोळ्यांपुढं कडुलिंब एका बाजूला कलला. ती मटकन खाली बसली. ढेप मांडीवरून घरंगळत जाऊन मातीत थांबली.

माई धावल्या नाहीत. धावणं त्यांना जमणारही नव्हतं. ओट्यावरूनच त्या म्हणाल्या, “वळणावर पण असंच झालं ना मघाशी?”

सारिकानं दचकून वर पाहिलं. “तुम्हाला कसं कळलं?”

“इथून वळण दिसतं.”

माईंनी चिमीला अंगाशी धरलं होतं. सारिकानं पोरीकडं पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं. आपण पडलो असतो. एकट्याच नाही, पोरीसकट.

थोड्या वेळानं माईंनी चुलीवरची पेज वाटीत ओतली, वर तुपाची धार सोडली, बाजूला रात्रीची भाकरी ठेवली. सारिका म्हणाली, आज माझा उपासाचा धरलेला दिवस आहे. माई म्हणाल्या, बरं. आणि वाटी तशीच तिच्यापुढं ठेवून चिमीला झोके द्यायला लागल्या. चिमी भुकेनं किरकिरायला लागली. आधी हळू, मग जोरात. मग टाहोच फोडला.

वाटीतून वाफ निघत राहिली.

सारिकानं वाटी उचलली.

पहिला घोट तिनं चोरट्यासारखा घेतला. मग सगळी पेज प्याली. भाकरी खाल्ली, वाटी बोटानं पुसून घेतली. मग पदराआड पोरीला घेतलं. पोर चोखता चोखता शांत झाली आणि तिची मूठ उघडली.

माईंनी तोवर दोन्ही गुडघ्यांचं तेल पुसून काढलं होतं.

“आता उरलेल्या आण. घाई नाही. दम लागला की टेक.”

सारिका उठली. मातीतली ढेप झटकली, नेली. मधे कडुलिंबाला टेकली. पुन्हा उठली. एकेक ढेप पारड्यात जात होती आणि पारडं जमिनीला लागलं होतं. तिच्या पाठीला घाम आला, पण डोळ्यांपुढं काही आलं नाही. शेवटी तिनं विचारलं, “एवढ्या पुरे का?”

माईंनी ढेपांवरून सराईत नजर फिरवली. “बसून बघ.”

अंगणात दुसरं कुणी नव्हतं. गुरव यायला वेळ होता. तरी सारिकानं चारी बाजूंना पाहिलं. झोपलेल्या चिमीला माईंच्या मांडीवर ठेवलं. माईंनी काठीच्या आकड्यानं वर गेलेलं रिकामं पारडं ओट्याकडं ओढून धरलं. ती ओट्यावरून त्यात बसली. साखळी धरली. डोळे गच्च मिटले.

तराजू कुरकुरला. हलला. थांबला.

“उघड डोळे.”

तिनं उघडले. समोर, तिच्या छातीच्या उंचीला, गुळाचा ढीग होता. कोवळं ऊन त्यावर पडलं होतं आणि कडेच्या ढेपा मधासारख्या दिसत होत्या. कुठून तरी मुंग्यांना बातमी लागली होती. तराजू अगदी बरोबरीला होता.

सारिका बघतच राहिली.

“एवढी मी?”

“एवढा गूळ,” माई म्हणाल्या.

“गुरव पुकारतो तेव्हा...”

“गुरव गूळ पुकारतो. कुणी देवाला कमी देऊन पळू नये म्हणून पुकारतो. माणूस पुकारल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही.”

सारिका पारड्यात तशीच बसून राहिली. तिचे पाय अधांतरी होते. त्या पायांकडं तिची नजर गेली. टाचा भेगाळलेल्या, घोट्यांवर जरा सूज.

“हे सगळं आत्ता खोलीपासून इथवर आणताना किती वेळा टेकलीस?”

“लई वेळा.”

“ते पाय हे सगळं एकदम घेऊन पायऱ्या चढून आले. वर लेक घेऊन. उपाशी.” माईंनी चिमीच्या कपाळावरची माशी उडवली. “आणि तू त्यांना नावं ठेवतेस.”

सारिकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, कारण दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या होत्या.

“माई, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, वजन हळूहळू उतरायला पाहिजे. धाप लागते ती खोटी नाही. उद्या ही पळायला लागली, तर तिच्यामागं कोण पळणार?”

“तूच पळणार. डॉक्टरीणबाई खरं सांगतात.”

“मग?”

“चढत जा. रोज. आधी खाऊन. लेकीला सासूजवळ ठेवून ये. म्हातारीलाही नात हवीच आहे.”

“आणि वाटेत कुणी बघितलं, हसलं तर?”

माईंनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, “धाप लागली की बस. लाज वाटली की चाल. आणि मी समाधीला फेऱ्या घालते रोज. बघायला ये. लई मजा येते. कालच्याला एक कुत्रं माझ्या पुढं निघून गेलं. तीन पायांचं.”

सारिकाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खळखळून. तराजू हलायला लागला आणि समोरचा गूळही तिच्याबरोबर खालीवर व्हायला लागला. ते बघून माई हसायला लागल्या. त्यांचं पोट हलायला लागलं, आणि त्या पोटाला टेकून झोपलेली चिमी जागी झाली. तिनं आधी माईंकडं पाहिलं, मग तराजूकडं, आणि मग गुळाकडं दोन्ही हात पसरले.

“बघ,” माई म्हणाल्या. “एवढी आहेस, तरी हिला पुरेनास. आणि तू कमी व्हायला निघालीस.”

सारिका पारड्यातून उतरली. गुळाचं पारडं धपकन जमिनीला लागलं. तिनं एका ढेपेचा कोपरा नखानं उकरला आणि खडा जिभेवर ठेवला. कितीतरी दिवसांनी. मग चिमीला उचललं, अंगाला लपेटलं, पायऱ्यांकडं निघाली.

पहिल्या पायरीवर तिला आठवलं, की पुनवेचं काही ठरलंच नाही. ती वळली.

“माई, मग पुनवेला...?”

माई पुन्हा ओट्यावर बसल्या होत्या. तेलाची वाटी पुढं ओढत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

“खाली जाताना दारोदार सांगत जा. जाऊबाईंना आधी सांग. पुनवेला वर येताना गुळाला पिशव्या जरा मोठ्या आणा म्हणावं.”