पावलाची नाडी

एकदा एक कापडाचा व्यापारी लंगडत एका वृद्ध वैद्यांच्या दारी आला. शंभर पावले चालताच त्याची डावी पोटरी पिळवटून निघे. जरा थांबले की दुखणे पळून जाई आणि पुढच्या शंभर पावलांवर पुन्हा त्याला गाठत असे.

वैद्यांनी त्याला आपल्या शिष्येकडे सोपवले. सहा वर्षे ती त्यांच्यापाशी शिकत होती. नाडीपरीक्षेत तिचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते. तिने दोन्ही मनगटे पाहिली, छातीला कान लावून हृदयाचे ठोके ऐकले. सारे नियमित, सारे भरदार.

"हृदय ठणठणीत आहे. पोटरी आखडलीय," ती म्हणाली. "रोज पायाला गरम विटेचा शेक द्या."

व्यापारी उठणार, तोच वैद्य म्हणाले, "शेठजी, जरा उताणे निजा."

आणि त्यांनी त्याचे दोन्ही पाय उचलून हवेत उंच धरले!

"अहो वैद्यराज, माझे पाय आपण धरायचे? मला पाप लागेल!"

"पापाचं मी बघतो. तुम्ही हलू नका."

शिष्या चकित झाली. मनगटाने न सांगितलेले असे हे पाय काय सांगणार? पण तिची नजर हटेना. हळूहळू डावा तळवा पिठासारखा पांढरा पडत गेला. उजवा होता तसाच राहिला. मग वैद्यांनी व्यापाऱ्याला बाजेच्या कडेवर बसवून पाय खाली सोडायला लावले. तो पांढरा तळवा सावकाश जांभळट लाल झाला.

"आता बोटं ठेव," वैद्य म्हणाले.

ती जमिनीवर बसली. उजव्या पावलावर ठोका लागला. डाव्यावर काही नाही. घोट्यामागेही काही नाही. बोटांच्या बेचक्यात मात्र एक जखम होती, आणि शेठजींना तिचा पत्ताच नव्हता. शिष्येच्या अंगावर काटा आला. गरम वीट याच बधिर पावलाला टेकणार होती.

"गुरुजी, मी चुकले."

"मनगट पाहण्यात तू चुकली नाहीस, हृदय ऐकण्यातही नाही. तू लवकर थांबलीस," वैद्य म्हणाले. "पाटाच्या तोंडाशी पाणी भरपूर आहे, एवढ्यावरून शेवटचं वावर भिजलं असं कोणी म्हणतं का? तिथवर चालत जावं लागतं. तरुणपणी मीही मनगटापाशीच थांबलो होतो. एका बाईंचा पाय गेला. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, तेच आजवर बोचतं."

मग त्यांनी जखम धुऊन बांधली आणि व्यापाऱ्याला बजावले, "शेक नाही, अनवाणी फिरणं नाही. जखम भरली की रोज दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. आणि ही कमरेची चिलीम आजपासून बंद; ती पायाकडे जाणारी रक्ताची वाट आवळते. पाय हवा की चिलीम, तुम्हीच ठरवा."

व्यापाऱ्याने पाय निवडला. जखम भरायला तीन महिने लागले, पण पाय वाचला.

त्या पहिल्या दिवशी मात्र व्यापारी निघताना चपला चढवू लागला, तेव्हा शिष्या अजून जमिनीवरच बसून होती.

"गुरुजी, उजवा पाय पुन्हा पाहू का?"

"का? तिथे तर ठोका लागला ना?"

"लागला. पण तो भरदार होता की दुबळा, ते मी पाहिलंच नाही."

 वैद्यांनी दिवा तिच्याजवळ सरकवला आणि स्वतः बाजूला झाले.