बांधलेलं बेडं आणि हळद्या

ओहोळाच्या काठी एक वाडी होती. वाडीत विश्राम नावाचा गृहस्थ होता, सगुणा त्याची बायको, सुरंगी त्यांची एकुलती लेक. आणि वाडीच्या वर, टेकावरच्या पिराजवळ, लतीफबाबा नावाचा म्हातारा फकीर राहत होता. त्यांचं झालं ते असं.

"बाबा, हळद्याला बोलवायचं कसं?" विश्रामनं विचारलं.

बाबा पिरापुढचा पाला झाडत होते. खराटा थांबला नाही.

"कोण हळद्या?"

"पाखरू हो. पिवळंधमक. डोळ्यांत काजळ घातल्यासारखं..."

"आणि बोलवून काय करणार?"

"फोटो काढणार."

"आणि फोटोचं?"

विश्रामनं पायाशी आलेला पाला उचलून ढिगात टाकला.

बाबांनी पाला एका बाजूला लोटला. "बरं," म्हणाले, "येईन एकदा बघायला."

विश्राम एसटीवर ड्रायव्हर होता. निवृत्त झाला तेव्हा त्यानं लांब नळकांड्याचा कॅमेरा घेतला आणि घरामागचं परस पाखरांना देऊन टाकलं. पाण्याचं परळ ठेवलं. पाखरांना टेकायला वाळकी फांदी रोवली. सगुणाच्या जुन्या लुगड्याचा आडोसा केला आणि आत स्टूल टाकून बसायला लागला. झाडावर पिकलेली पपई घरात कुणाला मिळायची नाही.

"पाखरांना पपई आणि नवऱ्याच्या ताटात लोणचं," सगुणा म्हणायची. "तरी बरं, पाखरं ताट धुवायला सांगत नाहीत."

बुलबुल आले. दयाळ आला. तांबट आला. भारद्वाज तर घरच्या कोंबड्यासारखा हिंडायला लागला. हळद्या तेवढा येईना. पलीकडच्या वडावर बसायचा, गोड शीळ घालायचा आणि निघून जायचा.

आता हळद्याच का, तर त्याला कारण होतं. सुरंगी लहान होती तेव्हा थंडी पडली की बापलेक मागच्या पडवीत बसायची. ती त्याच्या खांद्यावर. हळद्या उतरला की बापाच्या तोंडावर हात ठेवायची, "अप्पा, हलू नका... श्वास घेऊ नका." आणि हा माणूस खरंच श्वास धरायचा.

ती पोर मोठी झाली. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, घाटावरच्या मुलाशी, कोल्हापुरात. कळलं त्या दिवशी विश्राम उठला आणि पुढचं बेडं तारेनं आवळून बांधून आला. आमच्याकडे घराभोवती चिऱ्यांचा गडगा असतो, आणि जाण्यायेण्यापुरत्या फटीत आडवे बांबू सरकवतात. तेच बेडं. "ती या वाटेनं परत आत यायची नाही," म्हणाला.

ती आली नाही. पण घरच्यांचीही वाट बंद झाली. नवरा-बायको दोघं शेजारच्या भागीरथीच्या अंगणातून, तिच्या कोंबड्या चुकवत ये-जा करायला लागली.

भागीरथी एकदा म्हणालीच, "विश्रामभावजी, माझ्या अंगणाचा हायवे झालाय. टोलनाका उघडू काय?"

विश्राम हसला नाही.

राग तर कधीच उतरला होता. सुरंगीला मुलगी झाली, सगुणा चोरून फोनवर तिचं रडणं ऐकायची, हा भिंतीआड उभा राहून ऐकायचा. पण 'ये' एवढं एक अक्षर तोंडातून निघेना. मग त्यानं मनाशी योजलं. हळद्याचा फोटो काढायचा आणि लेकीच्या मोबाइलवर पाठवायचा. खाली काही लिहायचं नाही. तिला कळेल.

आणि शिमगा जवळ आला होता. शिमगा झाला की हळद्या जातो, तो पुढच्या थंडीपर्यंत दिसत नाही.

बाबा आले ते भरउन्हात. बेड्यापाशी येऊन उभे राहिले.

"बाबा, इकडून या, भागीरथीच्या अंगणातून!" विश्राम आतून ओरडला.

बाबांनी तार बघितली. मग तिथंच, बाहेर, धुळीत बसले.

"तिथं कुठं बसलात? पाखरं मागच्या परसात आहेत. तिथून काय दिसणार?"

"दिसतंय मला."

विश्रामनं गडग्यावरून पाणी दिलं. बाबा प्यायले. गडग्यावरून चहा दिला. तोही प्यायले. उठेनात.

येणारे-जाणारे बघायला लागले. विश्रामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे बेडं ना, बाबा... पाखरांसाठी बांधलंय. गुरं शिरतात, कुत्री शिरतात, पाखरं बुजतात."

"पाखरांसाठी?"

"हो."

सगुणा ओटीवर तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाखरं आत्ताची. बेडं त्याच्या आधीचं."

सूप वाजत राहिलं...

बाबांनी कप गडग्यावर ठेवला.

"उडून येणारं येईल, विश्राम. चालत येणारीनं काय करायचं?"

विश्राम उभाच राहिला. बाबांकडे बघेना, सगुणाकडे बघेना. मग खाली बसला आणि तार उलगडायला लागला. तार गंजून एकजीव झाली होती. बोटं सोलली. सगुणानं घरातून पक्कड आणून दिली. एकेक बांबू सरकवून त्यानं बाजूला ठेवला.

"या आता, बाबा. आत या."

बाबा उठले, कपडे झटकले आणि टेकाच्या वाटेला लागले.

"अहो बाबा! आता तर उघडलंय!"

"मी आत आलो," बाबा वळून म्हणाले, "की तू लगेच बांधशील."

आणि गेले.

त्या दुपारी सगुणानं फोन लावला. पहिल्यांदाच चोरून नाही, ओटीवर उभं राहून. तीन शब्द बोलली. "बेडं सुटलंय गं." आणि फोन ठेवून दिला.

बेडं उघडं राहिलं आणि वाडीतल्या शेळ्यांना सण झाला. त्यांनी अबोली खाल्ली, पपई खाल्ली, आडोशाच्या लुगड्याचा पदरही चावून बघितला. विश्राम रोज म्हणायचा, "बांधतो आता." उठायचा, बेड्यापर्यंत जायचा आणि तिथंच बसायचा. मागचं स्टूलसुद्धा त्यानं पुढं आणलं. कॅमेरा मांडीवर, तोंड वाटेकडे. वळणावर एसटीचा हॉर्न वाजला की मान लांब करायची. गाडी थांबायची, माणसं उतरायची. त्यातलं इकडं कुणी वळायचं नाही.

"अहो, शिमगा तोंडावर आलाय," सगुणा म्हणायची. "परसात बसा जरा. जाईल तो."

"बसतो."

पण हलायचा नाही.

असाच एक दिवस बसला होता. मागून सगुणा दबक्या आवाजात म्हणाली, "अहो... आलाय. फांदीवर बसलाय. अगदी जवळ."

विश्रामनं मान वळवली नाही.

"ऐकताय ना? हळद्या!"

"असू दे," तो म्हणाला.

कारण एसटी येऊन गेली होती, आणि वाटेवर कुणीतरी येत होतं. कडेवर मूल, खांद्याला पिशवी. बेड्यापाशी येऊन ती थांबली. जमिनीवर पडलेले बांबू बघितले. पाय आत टाकेना.

विश्राम उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. शेवटी म्हणाला,

"गाडीला गर्दी होती?"

"उभं राहून आले, अप्पा."

"लेकुरवाळीला उभी आणली? कंडक्टर कोण होता?"

सुरंगी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. विश्रामनं हात पुढं केले. नात आजोबाच्या मिशा बघून अशी काही किंचाळली, की परसातली सगळी पाखरं एकदम उडाली.

लेक राहिली. जावई न्यायला आला तोही चार दिवस राहिला. शिमग्याला घरात पुरणपोळी झाली आणि भागीरथीच्या कोंबड्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

होळीनंतर विश्राम नातीला खांद्यावर बसवून टेकावर गेला.

"बाबा, सगळं मिळालं. पण तो फोटो राहिला बघा. एवढी पपई घातली, आडोसा केला, श्वास धरून बसलो, तेव्हा आला नाही. आणि आला तो नेमका मी पाठ करून बसलो होतो तेव्हा."

बाबांनी नातीच्या हातावर खडीसाखर ठेवली.

"म्हणून तर आला," ते म्हणाले.