विणकर आळीतले बंद दार

पूर्वी मेखला नगरीवर विजितारी राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या न्यायाधीशाच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव श्रुतदेव. बारा वर्षे तक्षशिलेत दंडनीती शिकून तो परतला आणि वडिलांच्या मागे न्यायासनावर बसला. परतल्यावर त्याला आपले नगर ओळखू येईना.

तो गेला तेव्हा दर आळीला एक राखणदार असे. त्याच्या हाती काठी असे आणि त्याचे घरही त्याच आळीत असे. कोणाची गाय व्याली, कोणाचा जावई रुसून बसला, हे त्याला न विचारता कळे. मध्यंतरी शेजारच्या राज्याशी युद्ध झाले आणि संपले. उरलेली शस्त्रे किल्ल्यात नुसती पडून का ठेवायची, म्हणून राजाने ती नगररक्षकांना वाटली. चिलखते दिली, चेहरा झाकणारी शिरस्त्राणे दिली, परशू दिले. तटबंदी फोडणारा एक हत्तीही दिला. त्याच्या कपाळावर लोखंडी पट्टी होती.

रक्षकांचा नायक वज्रकेतू याने सर्वांच्या आळ्या बदलल्या. ओळखीचे माणूस समोर आले की हात अडखळतो, असे त्याचे म्हणणे होते.

शस्त्रागाराचा एक जुना नियम होता. गंज चढू नये म्हणून प्रत्येक शस्त्राला मेण लावून देत. वर्ष सरताना ज्याच्यावरचे मेण तसेच राहिले, ते शस्त्र वापराचे नाही असे धरून परत घेत. रणांगणासाठी हा नियम ठीक होता. नगरात मात्र ज्याचे शस्त्र परत जाई, त्याला पुन्हा काठी मिळे. मग बाकीचे त्याला विचारीत, "काय गुराखीबुवा, म्हशी कुठं सोडल्या?"

श्रुतदेव राजाकडे गेला. म्हणाला, "महाराज, हा नियम नगरात चालू ठेवलात, तर मेण उतरवण्यासाठी माणसे शोधली जातील."

वज्रकेतू तिथेच होता. तो म्हणाला, "पंडित, तक्षशिलेतले चोर पोथीत असतात. त्यांना पान उलटलं की पुरतं. आमचे चोर भिंतीवरून उडी मारतात."

राजा हसला. त्या भेटीत एवढेच झाले.

वर्ष सरायला चार दिवस उरले असताना देवळातले एक तांब्याचे पात्र दिसेनासे झाले. चोर विणकर आळीकडे पळाला, असे कोणीतरी सांगितले. भर दुपारी रक्षक हत्ती घेऊन तिथे गेले. आळीतली सारी दारे उघडी होती. एकच बंद होते. ते पुष्यक नावाच्या विणकराचे होते. रक्षकांचा म्होरक्या खेमक याने हाक मारली. आतून ओ आली नाही. त्याने पुन्हा हाक मारली. मग त्याने माहुताला खूण केली.

त्या आळीत राहणाऱ्या कोणालाही बंद दाराचा अर्थ कळला असता. पुष्यकाकडे त्या दिवशी ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, खळ लावायची होती. ओल्या सुतावर धूळ बसली किंवा वारा लागला की धागे एकमेकांना चिकटतात आणि महिन्याचे काम वाया जाते. म्हणून विणकर दाराला कडी घालतात. एकदा ताणा हाती धरला की तो सोडता येत नाही, आणि लक्ष ढळून हात हलू नये म्हणून कोणी हाक मारली तरी ते बोलत नाहीत. पुष्यक दाराच्या आतल्या बाजूला ताण्याचे टोक धरून उभा होता. दार त्याच्या अंगावर पडले आणि दारावर हत्तीचा पाय पडला.

पात्र संध्याकाळी देवळातच सापडले. ते निर्माल्याखाली होते.

दुसऱ्या दिवशी राजासमोर न्यायसभा भरली. वज्रकेतू म्हणाला, "दोनदा हाक मारली होती. प्रामाणिक माणूस ओ देतो."

पुष्यकाची बायको उत्पला पुढे आली. तिच्या कोपरापर्यंत खळ वाळली होती. ती म्हणाली, "खळीचा दिवस होता, बाबा. खळीच्या दिवशी कोण ओ देतं?"

दरबारी एकमेकांकडे पाहू लागले. खळ म्हणजे काय, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हते, आणि सगळ्यांच्या अंगावर विणलेली वस्त्रे होती.

श्रुतदेवाने खेमकाला शिरस्त्राण काढायला सांगितले. आतून एक पिकल्या केसांचा, घामेजलेला माणूस निघाला. वीस वर्षे तो कुंभार आळीचा राखणदार होता. श्रुतदेवाने विचारले, "कुंभारांकडे बंद दार दिसलं असतं तर काय केलं असतंस?"

"मागच्या परसातून गेलो असतो," खेमक म्हणाला. "तिथली सगळी परसं मला ठाऊक आहेत." मग खाली पाहून म्हणाला, "हत्तीच्या पट्टीवरचं मेण तसंच होतं, महाराज. चार दिवस राहिले होते. या वयात मला कोणी गुराखी म्हणायला नको होतं."

बाहेर लोक जमले होते. ते खेमकाचे मुंडके मागत होते. राजाने श्रुतदेवाला जवळ बोलावले आणि हळू आवाजात सांगितले, "याला सुळी दे. लोक घरी जातील. उद्यापासून तू महामात्य."

श्रुतदेव न्यायासनावर जाऊन बसला आणि सर्वांना ऐकू जाईल असा बोलला. "खेमक अपराधी आहे. त्याने शस्त्र ठेवावे आणि उत्पलेच्या मागावर राबावे, तिला तो डोळ्यांसमोर चालत असेल तर. पण याला मारून हत्ती तसाच ठेवला, तर पुढच्या वर्षी दुसरा खेमक याच जागी उभा राहील. वज्रकेतूने पद सोडावे. हत्ती आणि चिलखते किल्ल्यात जावीत. राखणदार ज्याच्या त्याच्या आळीत परतावा. आणि महाराज, दार आपल्या नियमाने पाडले आहे. हे आपण उत्पलेला आपल्या तोंडाने सांगावे."

राजाने न्यायसभा उठवली.

उत्पला श्रुतदेवापाशी आली. "हत्ती तुला मिळायचा नाही, हे मलासुद्धा कळत होतं," ती म्हणाली. "मला एक मुंडकं मिळत होतं. तेही तू घालवलंस."

तो हात जोडून उभा राहिला.

संध्याकाळी राजाने दुसरा न्यायाधीश नेमला. सकाळी खेमकाला सुळी दिले गेले आणि लोक घरी गेले. श्रुतदेवाला देशोधडीला लावले. तो वेशीतून निघाला तेव्हा खुन्याची बाजू घेणारा म्हणून लोकांनी त्याच्यावर शेण फेकले. किल्ल्यातून दुसरा हत्ती पुढच्या वर्षी आला. बोधिसत्त्वाला त्या जन्मी यश आले नाही.

आपल्या गावाने रक्षकांच्या हाती भाले द्यावेत की नाहीत, यावरून वाद घालणाऱ्या भिक्खूंना त्यांच्या गुरूने, शास्त्याने, ही कथा सांगितली. मग तो म्हणाला, "तेव्हाचा वज्रकेतू म्हणजे भाले घ्या म्हणणारा तुमचा ग्रामणी, गावचा प्रमुख. राजा म्हणजे दोन्ही बाजूंचे ऐकून घरी जेवायला गेलेला तो श्रेष्ठी. खेमक इथेच चीवर घालून बसला आहे, त्याच्याकडे वळून पाहू नका. उत्पला ही आज तुम्हाला भिक्षा न देता दार लावून घेणारी म्हातारी. श्रुतदेव मीच होतो. त्या जन्मी मी सत्य पारमी, सत्याची पराकाष्ठा, आचरली, जिचे फळ आचरणाऱ्याला बघायला मिळेलच असे नाही."

एका भिक्खूने विचारले, "भन्ते, आणि पुष्यक?"

शास्ता म्हणाला, "त्याचा एक जन्म कसा सांगू? त्यानंतर तो पुष्कळदा जन्मला, आणि पुष्कळदा दाराआडच मेला."