तक्त्यात राहिलेलं नाव

"तुमची सून चोरून खाते, आजी! माझा आहाराचा तक्ता कधी चुकत नाही," व्यायामवर्गाचे घोसाळकर सर सगळ्यांदेखत गरजले. तीन महिने घाम गाळूनही माझ्या वैजयंताची रक्तातली साखर उतरली नव्हती. सर वर्गाच्या यादीतून तिचं नाव खोडायला निघाले होते आणि ती बिचारी मान खाली घालून उभी होती.

मी तक्ता ओढून घेतला. माझी मीच वाचायला शिकलेय.

"रात्रीचं जेवण सातला, असंच लिहिलंय ना?"

"मग?"

"ही साडेदहाला जेवते. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर सुनेनं बसायचं, हा नियम माझा. वीस वर्षं चालवला मी." मी तक्ता सरांपुढे धरला. "तक्त्यात काय खायचं ते सगळं आहे, सर, पण सातला तिला वाढणार कोण ते राहिलंय; तिथं माझं नाव लिहा."